खुब्याची साक्ष

जावई अकरा दिवसांत एकदाही घराकडे फिरकला नव्हता. बांगड्याचं डोकं एका घावात वेगळं करत चंपाकाकी मेतर ही गोष्ट आपल्या लेकीला तिसऱ्यांदा ऐकवत होती.

"मेव्हणो बिछान्याक खिळलो, नि जावयांका चार घरां सोडून येवक सवड नाय. पाय झिजतत की काय गो तुझ्या घोवाचे?"

"आये, कामाचो भार आसा," शरयू खाली मान घालून म्हणाली. "पाऊस लागायच्या आधी रांग पुरी करूची आसा."

"धक्क्यार उभ्या रवान गजाली मारूक बरी सवड गावता."

ते खरं होतं हे शरयूला ठाऊक होतं. बर्फाची गाडी भरताना तिच्या नवऱ्याने, सर्वेश कोयंड्याने, धक्क्यावर दहा माणसांत हळहळून सांगितलं होतं की मेव्हण्याचं, हेमूचं, हाड सोऱ्याने म्हणजे दारूने कुजलं. आपण किती समजावलं, पण ऐकेल तर शपथ. रेवाळे गावात माणूस घरी पोचायच्या आत त्याची गजाल पोचते. संध्याकाळपर्यंत मेतरांचा हेमू दारूडा ठरला होता.

चंपाकाकीला दुसरं काहीही चाललं असतं. नवरा समुद्रात गेला तेव्हा तिच्या पदरात दोन पोरं होती. डोक्यावर टोपली घेऊन तिने ती वाढवली, पण कुणाच्या दारात हात पसरला नाही. शाळा दुसरीपर्यंत. सही येत होती, वाचायला वेळ लागत होता. मात्र आज पाणी किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल हे तिला पंचांगाआधी कळत असे. जिभेला म्हणाल तर गावातली कुत्रीसुद्धा वाट सोडत. अशा बाईच्या मुलाला कुणी दारूडा म्हणावं, आणि ते जावयाने म्हणावं.

पंधरा वर्षांत समुद्राने रेवाळ्याचा किनारा माडांच्या तीन रांगांसकट गिळला होता. मग एक कंपनी आली. किनाऱ्यापासून लांब, अठरा वाव म्हणजे शंभरेक फूट पाण्याखाली, लाटांचा जोर मोडायला ती खडकाची भिंत उभारू लागली. सिमेंटचे सांगाडे यंत्रं उतरवत, पण त्यांवर जिवंत प्रवाळाची कलमं बांधायची ती माणसाच्या बोटांनीच. यंत्राच्या चिमट्यात ती मोडत. गावातले सात पाणबुडे त्या कामावर होते. हेमू त्यांतला पहिला. आणि होडीवर उभं राहून कुणी कधी उतरायचं, कुणाला कधी वर घ्यायचं हे ठरवणारा मुकादम म्हणजे सर्वेश.

दिवाळीपासून हेमूच्या जांघेत कळ येत होती. शिमग्याला तो लंगडू लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की उजव्या खुब्यातलं हाड मेलं आहे. तेहतिसाव्या वर्षी.

*

कोल्हापूरच्या सांध्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टर अरुंधती घोरपडे मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा खुबा उघडून चंपाकाकीच्या हातात दिला.

"मांडीच्या हाडाच्या टोकाला हा गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं. रक्ताच्या बारीक वाटा बुजल्या की आतलं हाड मरतं. बाहेरून गोळा गोलच दिसतो, आतून मात्र किडक्या सुपारीसारखा होतो. एक दिवस अंगाच्या वजनाने खचतो. एकदा खचला की सांधा काढून धातूचा बसवावा लागतो, आणि धातूचा खुबा असलेल्या माणसाला पाण्याखाली उतरायचा परवाना मिळत नाही. हेमकांतचा गोळा अजून खचलेला नाही. म्हणून सांधा वाचवता येईल."

"कसो?"

डॉक्टरांनी समजावलं. मांडीच्या बाजूने एक पोकळ सुई गोळ्यापर्यंत नेतात. ही सुई नवी होती. दोनच वर्षांपूर्वी वापरात आली होती. ती हाड कापता कापता वाचत जाते. कुठवर मेलं आणि कुठून जिवंत आहे, हे केसाच्या जाडीइतकं नेमकं तिला कळतं. त्यामुळे मेलेलं तेवढंच निघतं. मग त्या पोकळीत कमरेच्या हाडाची एक बारीक फाक तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून बसवतात, आणि भोवती माणसाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींचा लेप भरतात. तीन महिने पाय टेकायचा नाही. तेवढ्यात नवं हाड धरतं.

"एक विचारते, आणि खरं सांगा," डॉक्टर हेमूकडे वळल्या. "दारूनेही असं हाड मरतं. पीत राहिलात तर नवं भरलेलंही मरेल. घेता?"

"घेतो," हेमू म्हणाला.

"किती?"

"रोजच."

चंपाकाकीने मान वळवून मुलाकडे पाहिलं. शिमग्याला अर्धा कप घेऊन दोन दिवस डोकं धरून बसणारा हा माणूस. हेमू समोरच्या भिंतीकडे बघत होता. परक्यांपुढे घरातलं काढायचं नाही म्हणून ती जीभ दाताखाली धरून बसली. जी दारू तो कधी प्यायलाच नव्हता ती सोडण्याच्या कागदावर हेमूने सही केली.

*

शस्त्रक्रिया झाली त्याच्या चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. हेमूने कागदावर जबाबदार माणूस म्हणून आईचं नाव घातलं होतं.

"हाड चांगलं बसलंय. पण तुमचा मुलगा माझ्याशी खोटं बोलला."

"माका ठावक आसा," चंपाकाकी म्हणाली. "पण तुमका कोणी सांगल्यान?"

"त्याच्या हाडाने."

सुईने वाचलेलं सगळं एका लांब पट्टीसारखं पडद्यावर उमटलं होतं. दारूने हाड मरतं तेव्हा आतल्या चरबीच्या पेशी वर्षानुवर्षं फुगत जातात आणि सगळीकडे सारखा डाग पडतो, डॉक्टर सांगू लागल्या. इथे तसा डाग नव्हता. इथे होत्या बारीक पांढऱ्या रेघा.

"खोल पाण्यात माणूस श्वास घेतो तेव्हा हवेतला नायट्रोजन दाबाने त्याच्या अंगात मुरतो. सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला तर सोड्याची बाटली फोडल्यासारखे आतल्या आत बुडबुडे होतात. खुब्याच्या गोळ्यात चरबी जास्त आणि रक्ताच्या वाटा अरुंद, त्यामुळे बुडबुडे तिथे अडकतात. थोडं हाड मरतं. त्याच्या कडेने जिवंत हाड नवा पापुद्रा चढवतं, कालवाच्या शिंपल्यावर चढतो तसा. एक रेघ म्हणजे एकदा घाईने वर येणं. अशा नव्वद रेघा आहेत, अडीच वर्षांतल्या. दिवस सांगता येत नाही, आठवडा सांगता येतो."

चंपाकाकी पडद्याजवळ गेली. रेघा सलग नव्हत्या. दोन-तीन रेघांचा झुबका, मग मोकळी जागा, मग पुन्हा झुबका. तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबली.

"हे भांग आसत."

"काय?"

मग शिकवायची पाळी तिची होती. अमावस्या-पुनवेला समुद्राला उधाण असतं. अष्टमीच्या आसपास त्याचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. उधाणात तळाची ओढ माणसाला टिकू देत नाही, म्हणून अठरा वावांवरचं काम भांगाच्या चार दिवसांतच होतं. पंधरवड्याला एक भांग, भांगाला एक झुबका. मधल्या दोन लांब मोकळ्या जागा म्हणजे पावसाळे. तेव्हा कुणीच उतरत नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि ही तिसरी मोकळी जागा? दीड वर्षापूर्वीच्या डिसेंबरात सुरू होते. पावसाळा नाही. दीड महिना एकही रेघ नाही. तेव्हा तो कामाला गेला नसेल."

"एकूण एक भांगाक गेलो. मी डबो भरून दिलय."

हे म्हणतानाच तिला आठवलं. त्या दीड महिन्यात कामावर कोण नव्हतं ते. सर्वेशला कावीळ झाली होती. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तो अंथरुणाला लागला, तो संक्रांतीनंतर उठला. बिनतेलाचा मऊ भात आणि उसाचा रस घेऊन चंपाकाकी रोज सकाळी त्याच्या दारात जात असे. हाताने भरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि होडीवर त्याच्या जागी म्हातारा बाबल तांडेल मुकादम होता. 'बाबल माणसांना वर यायला तास लावतो,' म्हणून कंपनीवाल्यांनी त्याला चार शब्द सुनावले होते.

तीन भांग. तीन झुबके गायब.

"हा कागद हेमकांतचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या सहीशिवाय मी कुणाला दाखवणार नाही."

"नका दाखवू," चंपाकाकी म्हणाली. "माका दिसला तेवढा पुरे."

*

हेमूच्या पलंगाशी ती बसली आणि काहीच विचारलं नाही. ती नुसती बघत राहिली. लहानपणी याच नजरेपुढे तो चोरलेली चिंच खिशातून काढून देई.

"डॉक्टरांनी माका दाखवल्यानी त्यो रेघो तुकाय दिसल्यो?" शेवटी हेमूनेच विचारलं.

"नव्वद."

मग तो बोलला. वर येताना शेवटच्या तीन वावांवर दोरीला धरून अर्धा तास लटकायचं, हा नियम. प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ खोली टिपत असे आणि संध्याकाळी ते टिपण कंपनीकडे जाई. पण भांगाचे दिवस चार. प्रत्येक बुडीला अर्धा तास गेला तर रांग मागे पडते. सर्वेशने तोड काढली. तीन वावांवर घड्याळं मनगटावरून उतरवायची, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या दोरीला बांधायची, आणि माणसांनी थेट वर यायचं. होडी पुढच्या सांगाड्याकडे जाई. अर्ध्या तासाने परतताना दोरी वर ओढून घड्याळं गोळा करत. घड्याळं विसावा घेत. माणसं घेत नसत. कंपनीच्या कागदावर सगळे पाणबुडे शहाण्यासारखे सावकाश वर येत होते.

"पहिल्यांदा मीच बांधलय," हेमू म्हणाला. "भावोजींनी सांगल्यानी म्हणान. मी बांधलय तसा बाकीच्यांनी बांधल्यानी. घरचो माणूस सांगता तर वायट कित्याक सांगात?"

"नि सोऱ्याचा कोणी सांगल्यान?"

हेमूने डोळे मिटले. "तेंनीच. दुखूक लागला तेव्हाच. सोरो म्हटलंस तर पुढे कोण इचारूचो नाय, शरयूचा घर तरी रवतला, म्हणाले."

चंपाकाकीला इतका वेळ राग होता. आता त्या रागाच्या तळाला तिचे पाय लागले.

"म्हणजे तुझा हाड मेला ता तुका समाजच्या आधी तेका समाजला होता."

"आये, माझी शपथ घे. कोणाक सांगूचंस नाय."

"शपथ देवासाठी घेतत. जावयासाठी नाय."

"मी सही करूचय नाय."

"करू नको," म्हणत तिने त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

*

रेवाळ्यात परतल्यावर चंपाकाकीने जे केलं ते पाहून शरयूसुद्धा फसली. ती जावयाशी गोड बोलू लागली. रविवारी सुरमईचं मधलं कापं पहिल्यासारखंच त्याच्या घरी पोचलं. वाटेत भेटला तर "जेवलात मा?" म्हणून चौकशी. सर्वेशला वाटलं, म्हातारी निवळली. सूड घ्यायचा तर समोरच्याचं ताट भरलेलं ठेवून घ्यावा. उपाशी माणूस सावध असतो.

सकाळी मासळीबाजारात मात्र ती एकेकीच्या फळीसमोर थांबली. बाकीच्या सहा पाणबुड्यांच्या आया तिच्याच रांगेत बसत. कुणाशी भाव पाडण्यावरून भांडण, कुणाशी लग्नातल्या मानपानावरून. प्रत्येकीला तिने एकच वाक्य सांगितलं.

"झिलाचे खुबे तपासून घे. दुखत नसले तरी घे. कारण माका इचारू नको."

सहाही जणी आपापल्या मुलांना घेऊन गेल्या. चंपाकाकीने बोलताना टोमणा मारला नाही, याचीच त्यांना भीती वाटली होती.

तिघांच्या खुब्यात सापडलं. अजून लंगडणं नव्हतं, दुखणंही नव्हतं. आणखी वर्षभराने कळलं असतं तर गोळे खचलेच असते. डॉक्टरांनी तिघांची मेलेली हाडं त्याच सुईने काढली. चार पट्ट्या एकाखाली एक लावल्या तेव्हा झुबक्याखाली झुबका आला आणि मोकळ्या जागेखाली मोकळी जागा. चार माणसांच्या हाडांत एकच पंचांग लिहिलेलं होतं.

तिघांनी सह्या केल्या. हेमू तेव्हा तपासणीसाठी पुन्हा इस्पितळात होता. त्याच्या शेजारच्या पलंगावर केतन गिरकर आला, चोवीस वर्षांचा, लग्नाला चार महिने झालेला. आल्या आल्या हसून म्हणाला, "हेमूदा, तू घड्याळ कसा बांधूचा ता दाखवलंस, आता कुबड्येर कसा चलूचा ताय दाखव." हेमू हसला नाही. परिचारिकेकडे त्याने पेन मागितलं.

पंधरा दिवसांत सर्वेशचा मुकादमीचा परवाना गेला. सरकारी चौकशी लागली. येत्या सोमवारी चौघांचे जबाब होते, आणि त्यावर पोलिसांत गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरणार होतं.

*

शनिवारी दुपारी सर्वेश आला. मागे शरयू. हेमू आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता. दार उघडंच होतं.

"बसा," चंपाकाकी म्हणाली. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. सर्वेशने तो उचलला नाही.

"आये, हेमूक सांगा. जबाब बदल म्हणान. एकट्याचो बदललो तरी पुरे. पहिला घड्याळ तेनाच बांधलेला."

"तेना सांगल्यान माका. तुमी सांगल्यात म्हणान बांधल्यान."

"मी काय स्वतःसाठी केलय?" सर्वेशचा आवाज चढला. "रांग मागे पडली असती तर कंपनी दुसऱ्या गावाक गेली असती. ते खडक उभे रवले म्हणान तुमचा ह्या घर उभा आसा. दोन पावसाळे पाणी तुमच्या पायरीर इला नाय. बाबल असतो तर झाली असती भिंत?"

"नसती झाली," चंपाकाकी म्हणाली.

सर्वेश गोंधळला. त्याने वादाची तयारी केली होती, कबुलीची नाही.

"तुमी म्हणतात ता खरा आसा. घर रवला, गाव रवला. घाई केल्यात, ता मी समाजलय असतय. समुद्रार माझो घोव पण घाईतच गेलो. पण हेमूक दुखूक लागला तेव्हा तुमका ठावक होता कित्याक. त्या दिवशी बाकीच्यांची घड्याळां मनगटार बांधलात?"

सर्वेशने मागे वळून शरयूकडे पाहिलं.

"नाय बांधलात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आणखी किती भांग गेले ते मी मोजलेत. केतनच्या हाडात त्येच रेघो जास्त आसत. तेच्या आधीचा चुकीन झाला म्हणा. तेच्या नंतरचा जाणून केल्यात. नि ता झाकूक माझ्या झिलाच्या तोंडाक सोरो लावलात."

"आये," शरयू दाराशी उभी राहून म्हणाली, "माझा काय?"

"तुका मी बोलवूचय नाय नि परत धाडूचय नाय. तुझो जीव म्हणात थंय रव. पण तुझ्या घरासाठी भावाचा हाड जाळूक मी देवचय नाय."

आतून हेमूची हाक आली, "आये, पुरे."

"तू गप पड. तुझो जबाब सोमवारी. माझो आज."

चंपाकाकी उठली. सर्वेशसमोरचा तांब्या उचलून तिने फडताळावर ठेवला. अकरा वर्षं ज्याला तिने तुमी म्हटलं होतं त्याच्याकडे ती वळली.

"उठ. सोमवारी हेमू सगळा सांगतलो, एक अक्षर गाळूचो नाय. तेच्या आधी तुका दोन दिवस आसत. केतनच्या आवशीकडे जा, मगे बाकीच्या दोघींकडे. तुझे दोनय खुबे धड आसत, तेव्हा चलत जा. मोटारीन नको. दारात उभो रव नि तुझ्या तोंडान सांग, तुमच्या झिलाचा हाड मरता ह्या माका ठावक होता, तरी मी तेका वर ओढलय. तिघींतल्या एकीन जरी तुका बस म्हटल्यान तर बस. माझ्या घरात तुका परत कोण बस म्हणूचो नाय."